दुखत नाही, जळत नाही, मग गोळ्या कशासाठी?

(ओळख पटेल असे तपशील वगळून पत्राचा सारांश देत आहोत.)

पत्र लिहिणारी २६ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पहिलटकरीण, सोळावा आठवडा चालू. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी नेहमीच्या तपासण्यांबरोबर लघवीचं कल्चर (लघवीतले जंतू वाढवून मोजायची तपासणी) करायला लावलं. रिपोर्टात जंतूचं नाव आणि संख्या म्हणून ‘ई. कोलाय, एका मिलिलिटरमध्ये एक लाखाहून अधिक’ असं आलं आणि नायट्रोफ्युरँटॉइन या जंतुनाशक औषधाच्या गोळ्या दिवसातून दोनदा, सात दिवसांसाठी लिहून मिळाल्या. तिला ना जळजळ, ना ताप, ना ओटीपोटात दुखणं. साध्या तपासणीत पस सेल्सही ३-४ च. सासूबाई म्हणतात, त्रास नाही तर पोटातल्या बाळाला गरम औषधं कशाला, धने-जिऱ्याचं पाणी पी. नणंदेचा रिपोर्टही असाच आला होता, तिनं काही घेतलं नाही आणि मुलगा तीन किलोचा झाला. नवऱ्यानं एवढंच विचारलं, “इन्फेक्शन आलं कुठून?” तेव्हापासून ती स्वतःलाच दोष देते आहे. चुलत दिराचं मेडिकलचं दुकान आहे. तो नॉरफ्लॉक्सॅसिन हे दुसरं जंतुनाशक औषध देतो म्हणतो, तीन दिवसांत मोकळी होशील म्हणे. गोळ्यांचं पाकीट चार दिवस कपाटात साड्यांच्या घडीखाली पडून आहे. ती विचारते, “ताई, मला काहीच होत नसताना औषध घेणं म्हणजे बाळाच्या जिवाशी खेळणं तर नाही ना?”

---

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही एकेरीवर येते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण चार दिवस तू त्याच्यासाठी झोपली नसशील. गोळ्या घे. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी योग्य तपासणी केली आहे आणि तुझ्या महिन्याला चालणारं औषध दिलं आहे. फक्त सुरू करण्याआधी त्यांना एक फोन कर. चार दिवस उशीर झालाय हे सांग. कधी कुठल्या औषधाची ॲलर्जी झाली असेल, मूत्रपिंडाचा जुना आजार असेल किंवा तुझ्या माहेरी कुणाला ‘जी-सिक्स-पीडी’ची (रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता असेल, तर तेही सांग. या कमतरतेत हे औषध चालत नाही. बाकी गोष्टी आता निवांत बोलू.

तुझ्या पत्रात एक वाक्य तीनदा आलंय: “मला काही होत नाही.” त्यातून तू असं धरलंस की आत काही नाहीच. साहजिक आहे. आपल्याकडे लघवीचा संसर्ग म्हटलं की उन्हाळी लागणं डोळ्यांसमोर येतं. थेंब-थेंब लघवी, आग, ओटीपोटात कळ. ते नसेल तर संसर्ग कसला? पण शंभर गर्भवतींच्या लघवीचं कल्चर केलं तर दोन ते दहा जणींमध्ये जंतू भरपूर सापडतात आणि त्यांना कसलाही त्रास नसतो. १९५० च्या दशकात बोस्टनमध्ये डॉ. एडवर्ड कास यांनी अशाच वरवर ठणठणीत बायकांच्या लघवीत जंतू मोजायला घेतले. तुझ्या रिपोर्टातला तो एक लाखाचा आकडा त्यांच्याच कामातून रूढ झालाय.

हा आकडा येतो कसा, ते सांगते. मी शिकत असताना सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरेच दिवस काढले आहेत. तारेचं एक बारीक कडं असतं. ते लघवीत बुडवलं की त्यात बरोबर एक सहस्रांश मिलिलिटर राहतं, जेमतेम ओल दिसेल इतकं. ते काचेच्या बशीतल्या पोषक थरावर ओढायचं आणि बशी ३७ अंशांच्या उबेत रात्रभर ठेवायची. सकाळी झाकण काढलं की स्वच्छ नमुन्याची बशी कोरी असते. तुझ्यासारख्या नमुन्याच्या बशीवर गुलाबी ठिपके उगवलेले असतात, साबुदाण्याहून लहान, ओळीनं, सगळे एकसारखे. एकेक ठिपका म्हणजे एका जंतूची वाढलेली वसाहत. असे शंभर ठिपके मोजले की एका मिलिलिटरला एक लाख जंतू. तुझ्या बशीवर शंभरापेक्षा जास्त होते, आणि एकाच जातीचे. त्या बशीवर तुझं दुखणं नाही दिसत, पण तुझ्या मूत्राशयात कोण राहायला आलंय ते दिसतं.

आता पस सेल्स. ३-४ म्हणजे नॉर्मल, हे खरंच आहे. पण पस सेल्स म्हणजे जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी. शरीरानं अजून लढाई पुकारलीच नसेल तर त्या येणार कुठून? म्हणून साधा रिपोर्ट चांगला आणि कल्चर वाईट, असं होऊ शकतं. पट्टी बुडवून करतात त्या तपासणीचंही तसंच. ई. कोलायसारखे जंतू लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि पट्टी ते ओळखते. पण त्यासाठी लघवी मूत्राशयात काही तास राहावी लागते. गरोदर बाई दर तासा-दीड तासाला उठते, तेवढ्यात नायट्राइट तयारच होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत गर्भवतींसाठी कल्चरलाच पहिली पसंती दिली आहे, ती याचसाठी.

हे वाचणाऱ्या बाकीच्या बायकांसाठी जरा थांबून सांगते. ‘लघवी तपासली’ एवढ्यावर समाधान मानू नका. सरकारी दवाखान्यात बहुतेक वेळा लघवीतली साखर आणि प्रथिनं तपासतात. तेही गरजेचंच आहे, पण ती जंतूंची तपासणी नव्हे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गर्भवतींची मोफत तपासणी होते. तिथे डॉक्टरांना सरळ विचारा, “लघवीचं कल्चर करायचं का, आणि कुठं होईल?” जिल्हा रुग्णालयात, वैद्यकीय महाविद्यालयात किंवा खासगी लॅबमध्ये ते होतं. बाराव्या ते सोळाव्या आठवड्यात, किंवा त्याआधी पहिल्या भेटीतच, एकदा करून घ्यावं.

तुझ्या सासूबाईंच्या बोलण्याकडे वळते. त्या चुकीच्या ठिकाणी उभ्या नाहीत. गरोदरपणात उगाच औषध घेऊ नये हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. तू गरोदर नसतीस आणि असाच रिपोर्ट घेऊन आली असतीस, तर मी स्वतः म्हटलं असतं, काही घेऊ नकोस, पाणी पी आणि घरी जा. त्रास नसलेल्या, गरोदर नसलेल्या बाईच्या लघवीतल्या जंतूंना औषध देऊ नये, असंच वैद्यकशास्त्र सांगतं. मग गरोदरपणातच काय बदलतं?

बदलतो तो लघवीचा मार्ग. मूत्रपिंडातून मूत्राशयात येणाऱ्या दोन नळ्या असतात. एरवी त्या आकुंचन पावत लघवी खाली ढकलतात. गरोदरपणातल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकानं त्या सैलावतात, रुंद होतात. वाढणारं गर्भाशय वरून त्यांना दाबतं, आणि ते थोडं उजवीकडे कलतं म्हणून उजवी नळी जास्त दबते. तुझ्या भागात पाट सगळ्यांनी पाहिलेत. पाटाचं पाणी वाहतं तोवर नितळ असतं, कुठं अडलं की दोन दिवसांत त्यावर शेवाळ धरतं. मूत्राशयात शांत बसलेला जंतू त्या तुंबलेल्या पाण्यातून वर, मूत्रपिंडापर्यंत चढतो. आणि तिथं पोचला की शांत राहत नाही.

मी एक मुलगी पाहिली आहे. सहावा महिना, संध्याकाळी थंडी वाजून ताप, अंगावर तीन गोधड्या तरी दात वाजत होते. घरच्यांना वाटलं मलेरिया. दोन दिवस तापाच्या गोळ्यांवर काढले. आणली तेव्हा उजव्या कुशीला, बरगडीच्या खाली, नुसता हात लावला तरी किंचाळत होती. पोटात कळा सुरू झाल्या होत्या. सलाईन, दर काही तासांनी इंजेक्शन, बाळाच्या ठोक्यांकडे सगळ्यांचे कान. ती आणि बाळ दोघंही वाचली. तिची आई मला पुन्हा पुन्हा सांगत होती, “हिला लघवीचा कधी त्रासच नव्हता हो.” तिचं कल्चर कधी झालंच नव्हतं.

तुला घाबरवायला हे सांगत नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगते. जुन्या अभ्यासांत उपचार न केलेल्या शंभर जणींपैकी वीस ते तीस जणींचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला. पण २०१५ साली नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कमी जोखमीच्या गर्भवती होत्या, आणि औषध न घेतलेल्यांपैकी शंभरात दोन-तीन जणींनाच मूत्रपिंडाचा संसर्ग झाला. म्हणजे तुझ्या नणंदेचं जे झालं ते खोटं नाही. बऱ्याच जणी औषधाशिवाय सुखरूप सुटतात. पण तू कुठल्या गटात आहेस हे आज कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. त्या अभ्यासातल्या बायकांवर बारीक लक्ष होतं. तुझं गाव तालुक्यापासून किती लांब आहे, रात्री ताप आला तर गाडी कोण काढणार, दवाखान्यात त्या वेळी कोण असेल, याचा हिशेब मी धरते. एका बाजूला सात दिवसांच्या गोळ्या, दुसऱ्या बाजूला आठवडाभर भरती आणि दिवस भरण्याआधीच्या कळांची भीती. मला तरी निवड अवघड वाटत नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती तुला कुणी सांगितली नसावी. नायट्रोफ्युरँटॉइन हे औषध रक्तात फारसं साठत नाही, थेट लघवीत उतरतं. म्हणून ते मूत्राशयातल्या जंतूंवर चांगलं चालतं आणि बाकीच्या शरीराला त्याची झळ कमी लागते. पण त्याच कारणानं, जंतू एकदा मूत्रपिंडात शिरले की हे औषध उपयोगाचं राहत नाही. मग इंजेक्शनंच लागतात. साड्यांखाली जे पाकीट आहे ते सौम्य औषध आहे, आणि ते आत्ताच, या टप्प्यावरच कामाचं आहे.

बाळाची भीती रास्त आहे, म्हणून स्पष्ट बोलते. पहिल्या तीन महिन्यांत हे औषध डॉक्टर शक्यतो टाळतात, दुसरा पर्याय नसेल तर देतात. दिवस भरत आले की, साधारण अडतिसाव्या आठवड्यानंतर, ते देत नाहीत, कारण नवजात बाळाच्या तांबड्या पेशींना त्रास होऊ शकतो. तू सोळाव्या आठवड्यात आहेस, म्हणजे या दोन्हींच्या मधे. सेफॅलेक्सिन, अमॉक्सिसिलिन, एकाच मात्रेची फॉस्फोमायसिनची पूड, हे बाकीचे पर्यायही गरोदरपणात वापरतात. कुठलं द्यायचं ते तुझ्या कल्चरखालच्या तक्त्यावरून ठरतं. रिपोर्ट पुन्हा उघडून बघ. औषधांच्या नावांपुढे ‘एस’ आणि ‘आर’ अशी अक्षरं असतील. ‘एस’ म्हणजे जंतू त्या औषधाला दबतो, ‘आर’ म्हणजे दाद देत नाही.

आणि म्हणूनच चुलत दिराचं नॉरफ्लॉक्सॅसिन घेऊ नकोस. त्याचा हेतू चांगला असेल, पण त्या जातीची औषधं गरोदरपणात टाळतात. डॉक्सीसायक्लिनही नको. शिवाय आपल्याकडे वर्षानुवर्षं चिठ्ठीशिवाय ही औषधं खपली, त्यामुळे बरेच ई. कोलाय नॉरफ्लॉक्सॅसिनला आता जुमानत नाहीत. तुझ्या दिराला नम्रपणे एवढंच सांग, “भाऊजी, रिपोर्ट बघून डॉक्टरांनी लिहिलंय तेच द्या.”

गोळी कशी घ्यायची: जेवणानंतर, भरल्या पोटी, नाहीतर मळमळतं. लघवी गडद पिवळी, कधी तपकिरी होईल, दचकू नकोस, तो औषधाचा रंग आहे. लघवी ‘थंड’ करणारं गोड-आंबट सिरप घरोघरी असतं, ते याच्या जोडीला आपल्या मनानं घेऊ नकोस, कारण हे औषध आंबट लघवीत जास्त चांगलं काम करतं आणि ते सिरप लघवीचा आंबटपणा घालवतं. ॲसिडिटीसाठी काही घेत असशील तर तेही डॉक्टरांना सांग. तिसऱ्या दिवशी “आता बरी आहे” म्हणून थांबायचं नाही. तुझ्या बाबतीत तर बरं वाटण्यावर भरवसा ठेवताच येणार नाही, कारण वाईट कधी वाटलंच नव्हतं. अंगावर पुरळ उठलं, धाप लागली, डोळे पिवळे दिसले तर मात्र गोळी थांबवून लगेच फोन.

धने-जिऱ्याचं पाणी जरूर पी. नारळपाणी पी, ताक पी. सासूबाईंनी प्रेमानं उकळलेलं पाणी नाकारून घरात कटुता आणायचं कारण नाही. त्यानं पोटात पाणी जातं, लघवी जास्त होते, हे चांगलंच. फक्त एक लाख जंतू त्यानं जाणार नाहीत. गोखरू-पुनर्नव्याचा काढा कुणी सुचवला तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता तुझ्या नवऱ्याचं वाक्य. “इन्फेक्शन आलं कुठून?” त्याला काय म्हणायचं होतं मला माहीत नाही, पण तुला काय ऐकू आलं ते पत्रात दिसतं. म्हणून हे त्यालाही वाचून दाखव. ई. कोलाय सगळ्यांच्या आतड्यात राहतात, त्याच्या, माझ्या, तुझ्या. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा आणि त्याचं तोंड गुदद्वाराच्या जवळ, म्हणून हे जंतू तिथं पोचतात. हा गुप्तरोग नाही. कुणाच्या वागण्याचा हा पुरावा नाही. नवऱ्याला औषध लागत नाही. संबंधांनंतर लघवीला जाऊन यावं, शौचानंतर पुढून मागे धुवावं, एवढं पुरे. डेटॉल, सुगंधी वॉश काही नको, साधं पाणी. आणि तू रोज दोनदा आंघोळ करतेस हे तू मला लिहिलंस, बाळा, ते लिहायची गरज नव्हती.

मला जास्त काळजी वाटली ती पत्राच्या शेवटी तू सहज लिहून गेलीस त्या ओळीची. शाळेतल्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही, म्हणून तू दहापासून पाचपर्यंत अर्धी बाटलीच पाणी पितेस. अशा किती शिक्षिका, अंगणवाडी सेविका, आशाताई, एसटीच्या वाहक आहेत! तहान मारून, लघवी दाबून दिवस काढायची सवय आपण बायकांच्या अंगी ‘सोसण्या’च्या नावाखाली लावली आहे. गरोदरपणात तरी ती मोड. मुख्याध्यापकांना गरोदर असल्याचं सांगून कडी बसवून घे, ती शंभर-दीडशे रुपयांची वस्तू आहे. लाज वाटत असेल तर शाळेतल्या दुसऱ्या बाईंना सोबत घे. तोवर जवळच्या घरी, अंगणवाडीत, कुठंही, पण दोन-तीन तासांनी जायचंच.

गोळ्या संपल्यावर एक ते दोन आठवड्यांनी पुन्हा कल्चर. हे बहुतेक जणी विसरतात. नमुना देताना लॅबमधूनच निर्जंतुक डबी घे, घरातली औषधाची धुतलेली बाटली नको. हात धू, जागा साध्या पाण्यानं धू, पहिली धार सोडून दे, मधली धार डबीत, डबीच्या आत बोट नको. शक्यतो लॅबमध्येच जाऊन दे. सकाळी घरी भरलेली डबी पिशवीत घालून दीड-दोन तास एसटीनं नेलीस तर वाटेत जंतू दुपटीनं वाढत जातात, आणि आकडा तुझा न राहता प्रवासाचा होतो. वेळ लागणारच असेल तर डबी फ्रीजमध्ये किंवा बर्फात ठेव. एखाद्या वाचकाच्या रिपोर्टात ‘मिश्र वाढ’ असं आलं असेल तर ते बहुधा नमुना नीट न घेतल्यामुळे असतं. त्यावर औषध सुरू करण्याआधी नमुना पुन्हा द्यावा. आणि कुणाच्या कल्चरमध्ये ‘ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस’ हा जंतू आला, तर ते नाव फाइलवर ठळक लिहून ठेवा. बाळंतपणाच्या वेळी कळा सुरू झाल्यावरही त्यासाठी औषध द्यावं लागतं.

तुझ्या दुसऱ्या कल्चरमध्ये पुन्हा जंतू आले तरी खचू नकोस. औषध बदलतात, आणि मग बाळंतपणापर्यंत अधूनमधून कल्चर करत राहतात. मधल्या काळात थंडी वाजून ताप आला, बरगड्यांखाली पाठीत दुखलं, उलट्या थांबेनात, पोटात कळा आल्या किंवा अंगावरून पाणी गेलं, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला किंवा १०२ ला फोन.

सासूबाईंना पुढच्या भेटीला तुझ्याबरोबर घेऊन जा. दारात बसवू नकोस, आत खुर्चीवर. डॉक्टरीणबाईंना विनंती कर की रिपोर्ट त्यांनाच समजावून सांगा. नातवाची काळजी त्यांनाही आहे, म्हणूनच तर त्या बोलल्या. लपवलेल्या गोळीपेक्षा त्यांच्यासमोर घेतलेली गोळी तुला हलकी जाईल.

पाकीट साड्यांखालून काढ आणि फळीवर, तुझ्या लोहाच्या गोळ्यांशेजारी ठेव. आज डॉक्टरांशी बोलणं झालं की रात्री जेवण झाल्यावर पहिली गोळी घे, आणि कॅलेंडरवर सातव्या दिवसाच्या पुढे दहा दिवस मोजून ‘कल्चर’ असं लिहून ठेव. तो रिपोर्ट आला की मला कळव.